सेट मागून बघू द्या

…आणि वर मला म्हणतो कसा, "आपण अगदी निश्चिंत असा!" निश्चिंत? अहो, दुकानदार 'घ्या' म्हणाला तर मी समजू शकतो, 'घ्यायचं नसेल तर चालू लागा' म्हणाला तरी समजू शकतो, पण निश्चिंत असा म्हणजे काय? मी चिंतेत होतो का? मी नुसतं म्हटलं, तो रेडिओ जरा भिंतीपासून ओढा, मला मागून बघायचाय. तर हा माणूस हसतो! गिरगावात प्रार्थना समाजाजवळ काचेचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, नाव हेरंबराव, आणि हसून म्हणतो, "रेडिओ पुढूनच ऐकायचा असतो साहेब." साहेब! चौतीस वर्षांत मला कुणी साहेब म्हटलेलं नाही, आणि ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो माणूस रेडिओ मागून दाखवत नाही! मी तिथंच भिवाच्या कानात म्हटलं, भिवा, यात काहीतरी आहे!

आता तुम्ही म्हणाल, हा गडी संशयी दिसतो. तसं नाही हो. माझा धंदाच तो. मी रामदास आंबेरकर, परळच्या गिरणीत कापड तपासायला असतो. सांच्यावरून, म्हणजे मागावरून, तागा उतरला की माझ्यासमोरून सरकत जातो, आणि धागा कुठं तुटलाय, तेलाचा डाग कुठं पडलाय, वीण कुठं विरळ झालीय, ते मी बोट ठेवून दाखवायचं. बारा वर्षं झाली. दिवसाचे आठ तास नुसती खोट शोधायची, आणि सुटल्याचा भोंगा झाला की काय, डोळे गिरणीत ठेवून यायचे? ते येतातच बरोबर! हा भिवा त्याच गिरणीत सांचे चालवतो, म्हणजे कापड विणतो तो आणि त्याच्या कापडाला नावं ठेवतो मी, तरी आमची दोस्ती. नायगावला राहतो. त्यांच्या चाळीत बुद्धविहाराचा रेडिओ आहे त्याची तार यानंच ओढली, म्हणून आमच्या खात्यात भिवा म्हणजे रेडिओतला इंजिनियर. त्यामुळं त्याला घेऊन गेलो होतो.

पण मुळात रेडिओ कशाला? हाच तर प्रश्न आहे! आमची चंपा… म्हणजे आमची मंडळी… लग्नाला नऊ वर्षं झाली, या बाईनं कधी काही मागितलं नाही. म्हणजे मागितलंच नसेल असं नाही, पण मी प्रत्येक वस्तू इतकी तपासतो की तिला त्या वस्तूचाच कंटाळा येतो. आणि अशी ही चंपा एके दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणते, "रेडिओ घ्यायचा. पुढच्या बुधवारच्या आत घरात आला पाहिजे."

मी म्हटलं, रेडिओ ठीक आहे. बोनस झालाय, चाळीत चार घरांत आहे, आपण पाचवे. पण बुधवार का?

"शेजारच्या दुर्गाच्या नणंदेकडं पण आहे," ती म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, हे 'बुधवार का' याचं उत्तर आहे का? मी परत विचारलं, तर म्हणते, "भाकरी घ्या, थंड होतेय." यात काहीतरी आहे!

बरं, दिवस कसले होते ते ध्यानात घ्या. एकोणसाठ सालचा डिसेंबर. जो तो म्हणत होता, झालं, आता मुंबईसह महाराष्ट्र झालाच, दिल्लीनं मान डोलावली! पानवाला सांगतोय, न्हावी सांगतोय, आमच्या खात्यात तर पेढे कुठल्या दुकानाचे आणायचे यावर भांडण. मी एकटा म्हणत होतो, थांबा. चार वर्षं 'नाही नाही' म्हणणारं माणूस एकदम 'हो' म्हणायला लागलं की आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघावं. भिवा म्हणाला, "रामदास, तुला महाराष्ट्र पण मागून बघायचाय का?"

तर ते दुकान. मी हेरंबरावांना म्हटलं, सेट लावा. लावला. बाई गाणं म्हणायला लागली. गोड आवाज. मी म्हटलं, आता शेजारचा लावा. लावला. तीच बाई, तसाच गोड आवाज. तिसरा लावला, परत तसाच. बघा आता! एक सेट पाच व्हॉल्व्हचा, एक चार व्हॉल्व्हचा, एक तर डबडं दिसत होतं, आणि तिघांचा आवाज सारखा? मी म्हटलं, हेरंबराव, तुमच्या माळ्यावर एखादा मोठा विलायती सेट लावून ठेवलेला नाही ना, आणि या डब्यांत नुसते भोंगे? त्यावर तो गोरामोरा झाला. "अहो, काय बोलताय आपण? आमच्या वडिलांपासूनची पेढी आहे ही!" मी म्हटलं, वडिलांचं नाव काढू नका, बाकीच्या सेटच्या वायरी काढा. काढल्या बिचाऱ्यानं. मग म्हटलं, माळा बघू दे. भिवानं माझा सदरा मागून ओढला, पण मी चढलो. माळ्यावर रिकामी खोकी, एक मोडका पंखा आणि एक मांजर. मांजर रेडिओ ऐकत होतं की काय कोण जाणे, पण माझ्याकडे असं बघत होतं जसा मीच चोर.

खाली आलो तर बातम्या लागलेल्या. तो बातम्या देणारा सांगत होता, अमुक ठिकाणची सभा शांततेत पार पडली. मी ओरडलोच, शांततेत? त्या सभेला मी होतो! माझी डावी चप्पल गेली त्या सभेत, उजवी पायात घालून लालबागपर्यंत चालत आलो, आणि हा म्हणतो शांततेत! हेरंबराव, हा सेट नको, हा खोटं बोलतो. तर हेरंबराव काकुळतीला येऊन म्हणतो, "अहो साहेब, सेट कसा खोटं बोलेल? दुसरा सेट लावला तरी हेच ऐकू येणार." मी म्हटलं, म्हणजे सगळ्याच सेटांत खोट आहे, हे तुम्हीच कबूल करताय! आणि आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. पोयबावडीला आल्यावर भिवा म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस माझं कापड कसं काय पास करतो रे अधूनमधून?"

आता खरं सांगतो, तोवर माझं लक्ष रेडिओवर होतं. पण घरात जे चाललं होतं ना… तिथं माझी झोप उडाली. चंपा बोलायला लागली होती. कुणाशी? भिंतीशी! मी जिना चढून येतोय, खोलीतून हिचं बोलणं ऐकू येतंय, मधेच दुर्गाचं खिदळणं. दुर्गा म्हणजे शेजारच्या खोलीतली, हिची जिवाभावाची मैत्रीण. मी दारात पाऊल टाकलं की दोघी गप्प. एकदम गप्प! दुर्गा पदर तोंडात कोंबून म्हणणार, "येते हं चंपा, दूध… नाही, डाळ… डाळ लागली असेल," आणि पसार. मी विचारलं, काय चाललं होतं? "कुठं काय? उखाणे." उखाणे! भर दुपारी, लग्न ना बारसं! यात काहीतरी आहे!

आणि मग ते पाकीट. मी तांदळाच्या डब्यात हात घातला… आता तुम्ही विचाराल, तुम्ही तांदळाच्या डब्यात हात कशाला घातला? अहो, खडे आहेत का बघायला! तर हाताला कागद लागला. लांबलचक खाकी पाकीट, वर इंग्रजीत छापलेलं, सरकारी शिक्का. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण सरकारी शिक्का वाचायला इंग्रजी कशाला लागतं? मी ओळखलं, हे पोलिसांचं काम. कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या बायका लाटणी घेऊन मोर्चाला गेल्या होत्या. चंपा पुढं होती. तिथं एका हवालदारानं वहीत नावं लिहून घेतली. बाकीच्या बायकांनी कायबाय नावं सांगितली, ही शहाणी आपलं खरं नाव सांगून आली, वर पत्ता, खोली नंबर, चाळीच्या मालकाचं नाव! घरी येऊन त्या हवालदाराची नक्कल करून दाखवली, सगळी चाळ हसली. मी हसलो नव्हतो. मी तेव्हाच म्हटलं होतं, ती वही कुठं ना कुठं उघडणार.

पाकीट होतं तसं ठेवलं आणि वर तांदूळ ओढले. तारीख बुधवारची असणार! कोर्टाची! आणि म्हणून… म्हणून रेडिओ बुधवारच्या आत! डोक्यात लख्ख उजेड पडला बघा. नऊ वर्षांत काही न मागणारी बाई, आत जायच्या आधी चार दिवस घरात गाणी ऐकावीत एवढी तिची इच्छा, आणि मी नालायक गिरगावात मांजरांच्या मागं माळ्यावर चढतोय! मी काही बोललो नाही. तिनं लपवलं म्हणजे मला काळजी नको म्हणून लपवलं असणार. त्या दिवशी मी आमटीत मीठ जास्त पडलेलं असूनही दोनदा वाढून घेतली. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं, कपाळाला हात लावला, ताप आहे का म्हणून.

सोमवारी मी म्हटलं, चंपा, चल, तूच निवड. ती चटकन तयार झाली. दुकानात पाय ठेवतो न ठेवतो तोच हेरंबराव, "या या वहिनी, परवा आपण म्हणालात तो सेट…" आणि मागून मी दिसलो तसा जीभ चावून उभा. परवा? म्हणजे ही आधी येऊन गेलीय! एकटी! परळहून गिरगावात! एरवी मी तिथं पंचनामा केला असता. पण मनात म्हटलं, जाऊ दे. दोन दिवस उरलेत बिचारीचे. चंपानं बोट दाखवलं, "हा." तपकिरी लाकडी सेट, काचेत हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की डोळा मिटत जातो. हेरंबराव स्वतःहून म्हणाला, "मागून बघता का साहेब?" आणि मी, रामदास आंबेरकर, म्हटलं, "नको. बांधा." हेरंबरावाच्या हातातली सुतळी खाली पडली. त्यालाच संशय आला असणार माझा!

दोन ट्रामा बदलून सेट आणला. मांडीवर घेऊन बसलो होतो, इस्पितळातून तान्हं मूल आणल्यासारखा. ट्राममधल्या प्रत्येकाला मत! एक म्हणाला, समुद्राच्या हवेत व्हॉल्व्ह टिकत नाही. दुसरा म्हणाला, टिकतो, पण तार तांब्याचीच पाहिजे. कंडक्टर म्हणाला, याचं पण तिकीट काढा! चंपा मात्र खिडकीतून बाहेर बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! मी सेटचं फडकं वर ओढून तोंड पुसलं.

मंगळवारी सकाळी भिवा आला, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल बांधली, रेडिओ चालू झाला. पोस्टातून रेडिओचं लायसनही काढून आणलं. मग मी जरा… म्हणजे सवय हो… कॉटखाली सतरंजी टाकून आडवा झालो आणि कॉटशेजारच्या स्टुलावरचा सेट फळ्यांच्या फटीतून खालून बघितला. मागच्या जाळीतून आत बघितलं. आत काचेच्या चिमण्या पेटलेल्या, छान दिसत होत्या. चंपा दारात उभी राहून बघत होती आणि पदरात हसत होती. मी म्हटलं, हस बाई, हसून घे.

आणि बुधवार उजाडला. माझी दुसरी पाळी, म्हणजे साडेतीनपर्यंत मी घरीच. दहाच्या सुमाराला चंपानं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. अंबाडा घातला. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज मी पाठमोऱ्यानंच ऐकला. म्हणते, "शिवडीला मालनकडे जाऊन येते." मालन म्हणजे तिची बहीण. बहिणीकडे कुणी लग्नातलं लुगडं नेसून जातं का? मी म्हटलं, चंपा, मी येऊ? तर म्हणते, "तुम्ही कशाला? तुम्ही साडेबाराला रेडिओ लावा. विसरायचं नाही हं. माझी शप्पथ आहे." आणि जिना उतरून गेली. मी मागं निघालो, तर दारात दुर्गा, हात आडवा घालून! "भावजी, कुठं निघालात? चंपानं मला सांगून ठेवलंय, तुम्हाला बाहेर सोडायचं नाही."

मला वाटलं, साडेबाराला बातम्यांत नावं वाचून दाखवणार. ज्यांना शिक्षा झाली त्यांची!

बारा वाजल्यापासून आमच्या खोलीत चाळ जमायला लागली. सुंदराबाई आली, कांता आली, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आल्या, बायकांनी खोली भरली, भिवा कामावर जाण्याआधी वाकडी वाट करून आला. आणि सगळे माझ्याकडे बघून हसतायत! माझी बायको कोर्टात, आणि यांना हसू! मी म्हटलं, भिवा, यात काहीतरी आहे!

साडेबाराला दुर्गानं कान पिळला, रेडिओचा. हिरवा डोळा पेटला, मिटत आला, बायकांचा कार्यक्रम सुरू झाला. आधी मेथीचे लाडू झाले. मग ती निवेदन करणारी बाई गोड आवाजात म्हणाली, "आता ऐका, परळच्या चंपाबाई आंबेरकर. विषय आहे, आमच्या घरची खरेदी."

मी भिवाला म्हटलं, बघ, परळमध्ये आणखी एक चंपा आंबेरकर आहे!

आणि सेटमधून आवाज आला, "नमस्कार बायांनो. तुमच्याकडे खरेदी होते. आमच्याकडे चौकशी होते."

मी उठलो आणि सेटच्या मागं गेलो. हसू नका! तुमची बायको शिवडीला गेलीय आणि आवाज सेटमधून येतोय, तुम्ही कुठं बघितलं असतं?

"आमचे हे गिरणीत कापड तपासतात," सेट सांगत होता. "त्यामुळं जाईबाई भाजीवाली लांबून यांना बघितलं की वांगी झाकून ठेवते. हे वांगं उचलणार, उजेडात धरणार, उलटं करणार, आणि म्हणणार…" आणि इथं बायांनो, बाप्यांनो, सेटमधून माझा आवाज आला! माझा! ह्या गळ्यातला! "'काय गो जाईबाई, हे वांगं एवढं चकाकतं कशाला? यात काहीतरी आहे!' जाईबाई म्हणते, 'आहे ना दादा, बी आहे!'"

खोलीत हशा फुटला. सुंदराबाईला ठसका लागला. दुर्गा तर जमिनीवर. मग छत्री आली. "छत्रीच्या दुकानात गेले, म्हणाले, पाण्याखाली धरून दाखवा. दुकानदारानं नळाखाली धरली. छत्री कोरडी निघाली, दुकानदार ओला. हे म्हणाले, आता ही ओली झाली, दुसरी द्या." मग सुरू झाला रेडिओ. हेरंबरावाचं 'आपण निश्चिंत असा' आलं, माळा आला, मांजर आलं. मांजराचं तिला कुणी सांगितलं? मी भिवाकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता. आदल्या दिवशीचं कॉटखाली आडवं होणं, ते पण आलं! मुंबईत जितके म्हणून रेडिओ होते तितक्या घरांत मी त्या वेळी सतरंजीवर उताणा पडलेला होतो. मला सांगा, माणसानं तोंड कुठं लपवायचं? स्वतःच्याच खोलीत, स्वतःच आणलेल्या सेटसमोर!

मी रागानं कान पिळायला हात पुढं केला. बंदच करणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "पण बायांनो, एक गोष्ट यांनी कधी तपासली नाही."

आवाज बदलला होता. दुर्गा पण हसायची थांबली.

"माझ्या कपाळावर लहानपणीच्या देवीचे व्रण आहेत. मला बघायला सात स्थळं आली. पहिल्या सहांनी चहा प्यायच्या आधी तेवढंच बघितलं. सातवे हे. मुंबईचा कापड तपासणारा येणार म्हणून माझी आई आदल्या दिवसापासून रडत होती. मी कप पुढं केला. यांनी घेतला, हो म्हणाले, आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेले. लग्नानंतर मी एकदा विचारलं, तुम्हाला माझ्या कपाळावरचं दिसलं नाही? तर कपाळाकडे बघून म्हणाले, 'कुठं काय?' चाळीस वाराच्या ताग्यात तुटलेला धागा शोधतात हो. नऊ वर्षं झाली, माझ्या कपाळावर यांना अजून काही सापडलेलं नाही. नमस्कार."

मग सतार वाजायला लागली. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. भिवा म्हणाला, "चल, मी निघतो," आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. दिसलं होतं हो. दिसणार नाही? मला? दारातून आली तेव्हाच दिसलं होतं. पण त्याच्या आधी काय झालं, मी पडवीत बसलो होतो, आणि आतल्या खोलीतून पोरींचं हसू येत होतं, आणि एक पोरगी आमच्या मध्यस्थाची नक्कल करत होती. हुबेहूब! तो कसा नाक ओढतो, कसं 'मुलगा निर्व्यसनी हो' म्हणतो, सगळं. मी बाहेर बसून हसू दाबत होतो. मनात म्हटलं, ही जर ती असेल ना, तर बाकी काही बघायचं नाही. आणि कप घेऊन आली ती तीच होती. 'मुलगी पसंत आहे का' विचारलं, तर तोंड उघडलं की हसू फुटेल म्हणून मी नुसतं 'हो' म्हणून पळालो. नऊ वर्षांत हे मी तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आता… सांगितलं नाही बुवा.

अडीचला ती आली. हिरवं लुगडं, हातात ते खाकी पाकीट, जिना चढून धाप लागलेली. चाळ पांगली होती. दारातच उभी राहिली. "ऐकलंत?"

मी म्हटलं, "सेट चांगला आहे. आवाज स्वच्छ येतो."

"एवढंच?"

"मला वाटलं तू कोर्टात गेलीस. जेलात जाणार."

तिनं डोळे मोठे केले. मग पाकिटाकडे बघितलं, तांदळाच्या डब्याकडे बघितलं, आणि अशी हसली, अशी हसली, की दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मी म्हटलं, हसतेस काय, आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणते, "सांगितलं असतं तर तुम्ही रेडिओ केंद्र तपासायला आला असता. तिथल्या बाईंना म्हणाला असता, तो माइक मागून बघू द्या!" महिलांच्या एका संमेलनात हिनं नकला केल्या, तिथं रेडिओवरची कुणी बाई आली होती, तिनं बोलावलं, एवढी साधी गोष्ट. सगळ्या चाळीला माहीत, नायगावच्या भिवाला माहीत, गिरगावच्या हेरंबरावाला माहीत. या मुंबईत माहीत नव्हतं ते फक्त मला. आणि संशय घेणारा माणूस मी!

मग ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "शेवटचं ते बोलले ते… राग नाही ना आला?" मी तिच्या कपाळाकडे बघितलं. चांगलं निरखून, उजेडात, ताग्याकडे बघतो तसं. म्हटलं, "कुठलं ते? कुठं काय?" आणि जेवणाचा डबा उचलून पाळीला गेलो. गेटवर रखवालदारानं मला आत सोडण्याआधी उजेडात धरलं, उलटसुलट करून बघितलं, आणि सगळी गिरणी हसली.

तर झालं काय, लोकांना कार्यक्रम आवडला. पत्रं आली. आता दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी तिला बोलावतात, आणि मी पाळी बदलून घेतो. साडेबाराच्या आत भात टाकतो, डाळीला फोडणी देतो, सेट तापत ठेवतो, म्हाताऱ्यांना बसायला जागा करून देतो आणि ऐकतो… या महिन्यात मी काय काय केलं ते!